घरी बांधलेला ट्यूब कॉम्प्रेसर: घरघर जात नाही आणि मीटरचा काटा शून्यावर थांबत नाही

आडवी_तार

नमस्कार मंडळी, घरी बांधलेल्या व्हेरी-म्यू कॉम्प्रेसरवर (ट्यूबच्या ग्रिडचं व्होल्टेज बदलून गेन कमी करणारा) अडकलोय, एकट्याने डोकं लावून पुढे सरकत नाहीये म्हणून धागा काढतोय. सर्किट जुन्या स्टुडिओ लिमिटरच्या वळणाचं आहे, म्हणजे फेअरचाइल्ड ६६० मध्ये ६३८६ ट्यूब पुश-पुल लावल्या होत्या तशीच मांडणी, फक्त ६३८६ मिळणं अवघड म्हणून त्या जागी ६बीए६, स्क्रीन प्लेटला जोडून ट्रायोड केलेल्या, दोन या बाजूला दोन त्या बाजूला. पुढे १२बीएच७ आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर. साइडचेनचा (सिग्नलवरून कंट्रोल व्होल्टेज काढणारी वाट) वेगळा अॅम्प्लिफायर, त्याच्यामागे ६एएल५ रेक्टिफायर, मग कॉम्प्रेशन किती पटकन लागतं (अॅटॅक) आणि सुटतं (रिलीज) ते ठरवणारा सहा पोझिशनचा टाइम स्विच जो रेझिस्टर आणि कपॅसिटर दोन्ही बदलतो. बी प्लस (ट्यूबांच्या प्लेटचा डीसी पुरवठा) २५० व्होल्ट, हीटर सगळे एसीवर, हीटर वाइंडिंगचा सेंटर टॅप सरळ ग्राउंडला.

मीटर एक मिलीअँपचा, ६बीए६ च्या कॉमन कॅथोडवर एक टोक आणि दुसरं टोक बी प्लसवरून काढलेल्या डिव्हायडरवर, तिथेच शून्याचा ट्रिमर.

आता दुखणं. सिग्नल नसताना हेडफोनमध्ये जाड, खालच्या सुरातली घरघर आहे, थोडीथोडकी नाही, हळू गाण्यात स्पष्ट ऐकू येते. आणि मीटरचं असं की थ्रेशोल्ड (कॉम्प्रेशन सुरू होतं ती पातळी) अगदी खाली घेतला की सिग्नल नसतानाही काटा दोनेक डीबी कॉम्प्रेशन दाखवतो, थ्रेशोल्ड वर नेला की परत जागेवर, आणि तासभर चालू ठेवलं की उलट्या बाजूला, शून्याच्याही पलीकडे उजवीकडे सरकत जातो. ट्रिमर फिरवून फिरवून कंटाळा आला. घरघरीसाठी ग्राउंडिंग सगळं उपसून नव्याने करावं का?

ताम्रपट

माझं मत, हो, ग्राउंडिंगपासूनच सुरुवात करा. दहातल्या आठ घरगुती अॅम्प्लिफायरमध्ये तिथेच पाणी मुरत असतं. पॉवर ट्रान्सफॉर्मरचा सेंटर टॅप आणि पहिल्या फिल्टर कपॅसिटरचं निगेटिव्ह आधी एकमेकांना जोडायचं आणि तिथून एकच वायर स्टार पॉइंटला (सगळी ग्राउंड जिथे एकत्र येतात ती जागा) न्यायची, कारण त्या दोघांमध्ये रेक्टिफायरचे चार्जिंगचे मोठे झटके वाहतात आणि ते सिग्नलच्या ग्राउंडमधून गेले की घरघर ठरलेली. चॅसिसला एकाच जागी जोडा. इनपुटच्या कनेक्टरची एक नंबर पिन थेट चॅसिसला, सर्किटच्या ग्राउंडला नाही.

गुणगुण

थांबा थांबा, सोल्डरिंग गन हातात घ्यायच्या आधी एवढंच सांगा, घरघर ५० हर्ट्झची आहे का १००ची? (जिथे मेन्स ६०ची आहे तिथे ६० आणि १२०.) फोनवर कुठलंही स्पेक्ट्रम दाखवणारं अॅप चालेल, हेडफोन त्याच्या माइकजवळ धरा. फुल वेव्ह रेक्टिफायरचा रिपल १००वर येतो आणि त्याला वरच्या हार्मोनिक्सची झणझण असते. नुसती गोल, जाड ५०ची असेल तर बी प्लस बहुतेक निर्दोष आहे, मग हीटर नाहीतर ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र. ताम्रपट म्हणतात ते ग्राउंडिंग बरोबरच आहे, पण त्या चुकीचा आवाज बहुतेक १००ला आणि झणझणीत असतो, आणि ह्यांनी लिहिलंय जाड, खालच्या सुरातली.

काटेकोर

गुणगुण यांच्याशी सहमत. मला अजून पुढचं म्हणायचंय, ही दोन दुखणी नाहीत असं मला वाटतं. व्हेरी-म्यू मध्ये कंट्रोल लाइन (६एएल५ कडून ६बीए६ च्या ग्रिडला निगेटिव्ह व्होल्टेज नेणारी) ही एकच जागा अशी आहे जिथून आवाज आणि मीटर दोन्ही हलतात. मेगओहमच्या घरातला इंपिडन्स, तिथे मायक्रोअँपचा काही भाग इकडेतिकडे गळला तरी अर्धा व्होल्ट सरकतो, आणि अर्धा व्होल्ट म्हणजे डीबी-दोन डीबी. तेव्हा आधी काही न उपसता नुसत्या कानाने आणि डोळ्याने हे बघा.

जोरात सिग्नल देऊन दहा-बारा डीबी कॉम्प्रेशन करा आणि सिग्नल झटकन बंद करा, स्लो रिलीजवर. काटा वर येईपर्यंत घरघर ऐका. काटा खाली असताना घरघर कमी आणि तो वर येता येता वाढते, असं असेल तर घरघर ६बीए६ च्या आधी शिरतेय, म्हणजे इनपुट ट्रान्सफॉर्मर किंवा त्याची वायरिंग. काटा कुठेही असो घरघर तेवढीच, तर ती नंतरच्या स्टेजमध्ये. आणि काटा खाली असताना घरघर वेगळीच वागते, वाढते किंवा मध्येच कमी होऊन परत येते, तर कंट्रोल लाइनवर किंवा दोन बाजूंच्या बॅलन्समध्ये गडबड.

दुसरं, सिग्नल नसताना टाइम स्विचच्या सगळ्या पोझिशन फिरवून बघा. घरघर पोझिशनप्रमाणे बदलत असेल तर तिथेच उत्तर आहे, कारण टाइम स्विच फक्त कंट्रोल लाइनवर आहे, ऑडिओच्या वाटेवर तो नाहीच.

काट्याची दिशा पण महत्त्वाची. आपोआप कॉम्प्रेशनच्या बाजूला जातो तेव्हा लाइनवर कुठून तरी निगेटिव्ह येतंय. शून्याच्या पलीकडे जातो तेव्हा ग्रिड पॉझिटिव्ह होतेय किंवा मीटरचा रेफरन्स हललाय. तुमच्याकडे दोन्ही दिशा आहेत म्हणजे दोन वेगळी कारणं धरून चला.

ट्रायोडताई

मध्येच एक, आणि हे सगळ्यात आधी यायला हवं होतं. २५० व्होल्टचा बी प्लस आणि मोठे कपॅसिटर आहेत, मेन्स काढल्यावरही चार्ज राहतो. ब्लीडर (बंद केल्यावर कपॅसिटर रिकामा करणारा रेझिस्टर) आहे का? नसेल तर पहिल्या कपॅसिटरवर २२० किलोओहम, दोन वॉटचा कायमचा लावून टाका, त्यात पाव वॉटच्या आसपासच जळतो. प्रत्येक वेळी बंद करायचं, मीटरने बी प्लस शून्याजवळ आलाय हे बघायचं, मग क्लिप लावायची, मग परत चालू. चालू चॅसिसमध्ये क्लिप हलवू नका, दुसरा हात मागे ठेवा. एवढं करा मग बाकीचं वाचा.

आडवी_तार

ताई, ब्लीडर आहे, १०० किलोओहम. सूचनेबद्दल आभार, हे लिहायला हवंच होतं.

केलं बघून. स्पेक्ट्रमवर ५०चा एकच उंच खांब, १०० अगदी बारीक. कॉम्प्रेशन करून सोडल्यावर घरघर कमी होत नाही, उलट मधल्या टप्प्यात जरा वाढते आणि मग खाली येते. आणि काटेकोर, टाइम स्विचचं तुम्ही म्हणालात तसंच, सगळ्यात फास्ट पोझिशनला घरघर सगळ्यात जास्त आणि पाचव्या-सहाव्याला जवळपास ऐकूच येत नाही. हे लक्षात यायला हवं होतं असा स्विच आहे तो, पण मी कायम पहिल्या पोझिशनवरच ऐकत होतो.

काटेकोर

वा, मग अर्धं काम झालं. मोठा कपॅसिटर लाइनवर आला की घरघर गाळली जाते, म्हणजे ५० हर्ट्झ कंट्रोल लाइनवरच बसलाय. आता तो दोन्ही ग्रिडवर सारखाच जातो, त्यामुळे दोन्ही बाजू जुळलेल्या असत्या तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये एकमेकांना कापून टाकला असता. ऐकू येतोय याचा अर्थ ६बीए६ च्या दोन बाजू जुळलेल्या नाहीत, आणि कॉम्प्रेशन वाढलं की हा फरक बदलतो म्हणून मधल्या टप्प्यात वाढतो. म्हणजे एक उगम आणि एक बॅलन्स, दोन्ही दुरुस्त करायचे.

उगम माझ्या मते ६एएल५. बंद करा, ती सॉकेटमधून काढा, परत चालू करून गरम होऊ द्या आणि सांगा.

गुणगुण

+१. ६एएल५ चं सगळ्यांच्या लक्षात न येणारं म्हणजे तिचे कॅथोड. निगेटिव्ह कंट्रोल व्होल्टेज काढायचं म्हणून कॅथोड ट्रान्सफॉर्मरकडे आणि दोन्ही प्लेट जोडून लाइनकडे, असं लावलेलं असतं. हीटर आणि कॅथोडमध्ये अगदी थोडं लीकेज असलं तरी हीटरचा एसी तिथे शिरतो आणि पुढे सगळं मेगओहममध्ये, त्यामुळे तो कुठे जिरतच नाही. शिवाय सहा नंबरची पिन बघा, ती आतल्या शील्डची आहे, ती ग्राउंडला जोडलेली नसेल तर एक वायर लावा. बऱ्याच नकाशांत ती पिन काढलेलीच नसते.

आणि थ्रेशोल्ड खाली केल्यावर काटा आपोआप दोन डीबी खाली जातो ना, तेही हिचंच. गरम व्हॅक्यूम डायोडमधून इलेक्ट्रॉन स्वतःच प्लेटपर्यंत पोचतात, त्यामुळे काहीही सिग्नल नसताना मेगओहमच्या लोडवर अर्धा-पाऊण व्होल्ट निगेटिव्ह दिसतं. थ्रेशोल्ड वर असला की डायोडवर उलटं बायस असतं म्हणून ते दिसत नाही. यात बिघाड काही नाही, ट्यूबचा स्वभाव आहे.

शून्यबिंदू

एक बाजूचा प्रश्न, क्षमस्व. माझ्या बांधणीत मी ऑनलाइन मिळणारा, उणे २० ते अधिक ३ स्केलचा मीटर घेतलाय, आत दिवा आहे. आउटपुट लेव्हलला लावला तर काटा हलतच नाही. व्हीयू मीटर असं लिहिलेलं होतं.

काटेकोर

स्केल छापलेलं असणं आणि व्हीयू मीटर असणं यात फरक आहे. खऱ्या व्हीयू मीटरचं प्रमाण १९४२चं, त्यात आत रेक्टिफायर असतो, बाहेर ३.६ किलोओहम सिरीज लागतो, मीटरचे स्वतःचे ३.९ किलोओहम, एकूण ७.५, आणि १.२२८ व्होल्ट आरएमएसला काटा शून्यावर येतो. काटा ३०० मिलिसेकंदात ९९ टक्के चढला पाहिजे. तुमच्याकडे आहे तो बहुतेक साधा ५०० मायक्रोअँपचा डीसी मूव्हिंग कॉइल, रेक्टिफायर नाही, त्यामुळे ऑडिओ दिला की पुढे-मागे सरासरी शून्य आणि काटा जागचा हलत नाही. मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर दोन्ही बाजूंनी मोजा, दोन्हीकडे सारखंच आणि काही शे ओहम दिसलं तर रेक्टिफायर नाही. (मोजताना काटा आपटू शकतो, सिरीजमध्ये १० किलोओहम ठेवा आणि रीडिंगमधून ते वजा करा.) गेन रिडक्शनला (किती कॉम्प्रेशन होतंय ते दाखवायला) मात्र असा साधा डीसी मीटरच हवा, तिथे तो उत्तम. आउटपुटला लावायचा तर छोटा बफर आणि रेक्टिफायर द्या, सरळ आउटपुटवर डायोड लावू नका, डायोड सिग्नलला चावतात आणि डिस्टॉर्शन वाढतं.

आडवी_तार

६एएल५ काढून बघितली. घरघर जवळजवळ गेली! काटा थ्रेशोल्ड कुठेही असो जागेवर. पिन सहा नकाशात नव्हती त्यामुळे सॉकेटला मोकळीच होती, ती ग्राउंड केली. दुसरी ६एएल५ लावल्यावर घरघर बरीच कमी पण संपलेली नाही. तासाभराने उजवीकडे सरकणं मात्र ट्यूब असली काय नसली काय, तसंच्या तसं.

ट्रायोडताई

उरलेल्या घरघरीसाठी हीटर वर उचला. आता सेंटर टॅप थेट ग्राउंडला आहे तो सोडवा आणि बी प्लसवरून डिव्हायडर करा, वर २२० किलोओहम, खाली ४७ किलोओहम, खालच्यावर २२ मायक्रोफॅरड, सेंटर टॅप त्या मधल्या जोडावर. २५० ला साधारण ४४ व्होल्ट येतात. त्यामुळे हीटर कॅथोडपेक्षा पॉझिटिव्ह होतो आणि हीटरकडून कॅथोडकडे इलेक्ट्रॉन जायची वाटच बंद होते. हीटरचे डीसी रेक्टिफायर आणि मोठे कपॅसिटर वगैरे करण्याआधी हा उपाय, तीनच पार्ट लागतात आणि बहुतेक वेळा पुरतो. वायर मात्र घट्ट पीळ दिलेल्या आणि चॅसिसच्या कोपऱ्यातून गेलेल्या हव्यात.

ताम्रपट

६एएल५ काढून सिलिकॉन डायोडच का लावत नाही? हीटरच नाही, म्हणजे लीकेजही नाही आणि तो आपोआप पाऊण व्होल्टही नाही.

गुणगुण

लावता येतो, लोक लावतातही. पण ६एएल५ ला स्वतःचा काही शे ओहमचा रेझिस्टन्स आहे, अॅटॅक त्यावर ठरतो. सिलिकॉन लावला की अॅटॅक जास्त खडा होतो, सिरीजमध्ये रेझिस्टर टाकून जुळवावा लागतो. आणि छोटा १एन४१४८ लावू नका, तो १०० व्होल्ट रिव्हर्सचा आहे, साइडचेन ट्रान्सफॉर्मर जोरात हलला की जाईल. माझा कल ट्यूबच ठेवण्याकडे, कारण ह्यांचं सर्किट तिच्याभोवती जुळवलेलं आहे.

काटेकोर

आता उजवीकडचं सरकणं. ६एएल५ बाहेरच ठेवा, बंद असताना कंट्रोल लाइन क्लिपने ग्राउंडला शॉर्ट करा, चालू करून तासभर सोडा. काटा तरीही सरकला तर दोष मीटरच्या रेफरन्सचा, बी प्लसचा किंवा कॅथोड रेझिस्टरचा. थांबला तर ग्रिडमधून करंट वाहतोय, म्हणजे एखादी ६बीए६ गॅसी (आत वायू उरलेली) आहे. गॅसी ट्यूबची ग्रिड बाहेर पॉझिटिव्ह करंट देते, अर्धा मायक्रोअँप गुणिले दोन मेगओहम म्हणजे एक व्होल्ट, ट्यूब तापेल तसं वाढतं, अगदी तुमच्यासारखं.

आणि लाइनवर मल्टिमीटर लावून मोजायचा मोह टाळा. त्याचे १० मेगओहम तुमच्या २.२ मेगओहमला समांतर गेले की १.८ उरतात, रिलीज बदलतो आणि काटा तुमच्या समोर हलतो, मग बिघाड बघताय का मीटर बघताय हे कळत नाही. मोजायचं ते कॅथोडवर, तिथे इंपिडन्स कमी आहे.

आडवी_तार

हीटर वर उचलले. टाइम स्विचच्या पहिल्या पोझिशनवर स्पेक्ट्रमचा ५०चा खांब आता आजूबाजूच्या सळसळीच्या जेमतेम वर. ताई, मनापासून आभार, एवढ्याने एवढा फरक पडेल असं वाटलं नव्हतं.

लाइन शॉर्ट करून तासभर सोडलं, काटा जवळपास थांबला, अगदी किंचित सरकतो तेवढाच. म्हणजे गॅसी ट्यूब. चारातली कुठली?

ट्रायोडताई

शॉर्ट काढा आणि जास्तीची एक चांगली ६बीए६ घेऊन एकेका जागी बदला, दर वेळी पूर्ण गरम होऊ द्या. अंधारात बघायलाही हरकत नाही, काचेच्या आतल्या बाजूवर निळसर झाक असेल तर ती निरुपद्रवी, पण इलेक्ट्रोडच्या मधल्या जागेत जांभळट धुकं दिसलं तर ती ट्यूब संपली समजा. धुकं न दिसताही ट्यूब गॅसी असू शकते, त्यामुळे भरवसा बदलून बघण्यावरच ठेवा.

किंचित उरलेलं सरकणं बी प्लसचं असणार. तुमचा रेफरन्स डिव्हायडर बी प्लसच्या प्रमाणात हलतो आणि कॅथोड तेवढ्या प्रमाणात हलत नाही, मेन्स वर-खाली झाली की शून्य हलणारच. रेफरन्स ०ए२ वरून (व्होल्टेज स्थिर ठेवणारी गॅस ट्यूब) घ्या, १५० व्होल्ट स्थिर मिळतो. तिच्यावर मोठा कपॅसिटर ठेवू नका, ०.१ मायक्रोफॅरडच्या वर गेलात तर ती स्वतः ऑसिलेट करायला लागते आणि नवीनच आवाज सुरू होतो.

आडवी_तार

सापडली. डाव्या बाजूची मागची. धुकं वगैरे काही दिसत नव्हतं, पण ती बदलली आणि काटा दोन तास जागेवर. आता बॅलन्स कसा जुळवू? कॅथोडच्या मध्ये १०० ओहमचा ट्रिमर आहे. सिग्नल जोरात आला की अजून "धप्प" ऐकू येतं.

काटेकोर

नऊ व्होल्टची बॅटरी घ्या. पॉझिटिव्ह ग्राउंडला, निगेटिव्ह १०० किलोओहम आणि एका पुश बटणातून कंट्रोल लाइनला. ६एएल५ बाहेर, ऑडिओ इनपुट बंद. बटण दाबलं की काटा धाडकन खाली आणि हेडफोनमध्ये धप्प. दाबत राहा आणि १०० ओहमचा ट्रिमर अगदी थोडा थोडा फिरवा, एका जागी धप्प बारीक होऊन नुसती टिचकी उरते, तिथेच थांबा. त्याच्या पलीकडे गेलात की धप्प परत वाढतो, म्हणजे उलट्या दिशेने. ट्रिमर एका टोकाला जाऊनही ही जागा आली नाही तर डाव्या-उजव्या ट्यूबांची अदलाबदल करून जोड्या बदला. कॉम्प्रेशनच्या एकाच पातळीला जुळवून भागत नाही, म्हणून शेवटी १ मेगओहमने बॅटरी लावून उथळ कॉम्प्रेशनलाही तपासा. ६बीए६ सारख्या रिमोट कटऑफ ट्यूब (ग्रिड निगेटिव्ह होईल तसा गेन हळूहळू सोडणाऱ्या) शून्यावर जुळल्या तरी वक्राच्या शेपटीत सुटतात, तेव्हा तुम्ही जेवढं कॉम्प्रेशन नेहमी वापरता तिथे सगळ्यात चांगला बॅलन्स ठेवा.

याच बटणाने मीटरही तपासून होतो. सोडल्यावर काटा शेवटपर्यंत शून्याला येतो का बघा. शेवटचा एक डीबी रेंगाळत असेल तर टायमिंगचा कपॅसिटर इलेक्ट्रोलिटिक आहे का बघा, तो चार्ज आत धरून ठेवतो आणि हळूहळू सोडतो, शिवाय गळतोही. तिथे पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टर फिल्मच हवा, आकाराने मोठा झाला तरी.

शून्यबिंदू

वाचनखूण साठवली. माझा मीटर दोन्ही बाजूंनी सहाशे ओहमच्या आसपास, म्हणजे साधा डीसीच. गेन रिडक्शनला वापरतो.

एक विचारू, माझा काटा सिग्नल नसताना थरथरतो, अगदी सेकंदाला दोन-तीनदा. हा पण ५० हर्ट्झचा हम का?

गुणगुण

नाही, काटा ५०वर नाचूच शकत नाही, त्याला तेवढा वेग नाही. सेकंदाला दोन-तीनदा म्हणजे मोटरबोटिंग. साइडचेनचा अॅम्प्लिफायर आणि पहिली ऑडिओ स्टेज एकाच बी प्लस नोडवरून घेतली असेल, बी प्लस हलला की साइडचेनला तो सिग्नल वाटतो, तो गेन खाली आणतो, बी प्लस परत हलतो, असं फिरत राहतं. साइडचेनला स्वतःचा नोड द्या, १० किलोओहम आणि २२ मायक्रोफॅरड, म्हणजे कोपरा ०.७ हर्ट्झच्या आसपास, आणि साइडचेनचा कपलिंग कपॅसिटर लहान करा, त्याला २० हर्ट्झच्या खालचं काही लागत नाही.

आडवी_तार

बॅटरीचा उपाय जबरदस्त. धप्प गेला, नुसती टिचकी राहिली, आणि त्याच बॅलन्सने ५०ची उरलीसुरली घरघर पण पडली. टायमिंगचे दोन कपॅसिटर बदलून फिल्म लावले, काटा आता शेवटपर्यंत येतो.

अजून थोडीशी उरली आहे, आणि गंमत म्हणजे ही कॉम्प्रेशन केलं की कमी होते. म्हणजे काटेकोर यांच्या पहिल्या पोस्टप्रमाणे ही इनपुटची. इनपुट ट्रान्सफॉर्मर पॉवर ट्रान्सफॉर्मरपासून वीतभर अंतरावर, दोन्ही एकाच दिशेला तोंड करून.

काटेकोर

बरोबर ओळखलंत. बंद करून इनपुट ट्रान्सफॉर्मर चॅसिसवरून सोडवा, लांब वायरवर ठेवा, प्रायमरीवर १५० ते ६०० ओहमचा रेझिस्टर शॉर्टसारखा लावा आणि सेकंडरी सर्किटऐवजी एखाद्या बॅटरीवरच्या रेकॉर्डरला द्या, म्हणजे हात २५० व्होल्टच्या जवळ जायला नको. मग मशीन चालू करून, तळ बंद ठेवून, ट्रान्सफॉर्मर बाहेरून त्याच्या जागेजवळ धरून हळूहळू फिरवा. रेकॉर्डरच्या मीटरवर ५० खोल खड्ड्यात गेल्यासारखा पडणारी एक दिशा मिळते, बहुतेक नव्वद अंशाच्या आसपास पण नेमकी नव्वदच असेल असं नाही. पेन्सिलने खूण करा आणि त्या कोनात बसवा. चॅसिस लोखंडी असेल तर खाली रबर किंवा पितळेचे स्पेसर घालून जरा वर उचला, लोखंड ते क्षेत्र पसरवतं.

आडवी_तार

साधारण सत्तर अंशावर खड्डा मिळाला, नव्वदवर नव्हता. ब्रॅकेट वाकवून त्याच कोनात बसवला. पहिल्या पोझिशनवर, थ्रेशोल्ड पूर्ण खाली, मेकअप गेन पूर्ण वर, आता फक्त सळसळ आहे आणि ती गेनबरोबर वाढते, जशी वाढायला हवी तशी. शून्याचा ट्रिमर ६एएल५ लावून, अर्धा तास गरम झाल्यावर, थ्रेशोल्ड नेहमी जिथे असतो तिथे ठेवून लावलाय. ०ए२ मागवली आहे, लावली की रेफरन्सचं कळवतो.

ट्रायोडताई

छान. प्लेट लोडला जुने कार्बन कॉम्पोझिशन रेझिस्टर असतील तर ०ए२ लावतानाच मेटल फिल्म करून टाका, डीसी व्होल्टेज जेवढं जास्त तेवढी त्यांची सळसळ जास्त, आणि पहिल्या स्टेजच्या प्लेटवर ती सगळ्यात जास्त ऐकू येते.